परदेशातल्या कॅनाबिस क्लबमध्ये पहिल्यांदा जाण्याआधी: कायदा, सदस्यत्व, मात्रा आणि परतीचा प्रवास

कॅनाबिस क्लब म्हणजे गांजाचं दुकान, असं समजून जाणारा माणूस बहुधा दारातच अडतो. तिथे सुटला तर बाहेर पडल्यावर रस्त्यात अडतो. दुकानात कुणीही शिरतं, पैसे देऊन वस्तू घेतं. क्लब ही सभासदांची संस्था असते. सभासद आपल्यापुरती लागवड करतात किंवा करवून घेतात आणि पीक आपसातच वाटून घेतात. नफा काढायचा नाही, जाहिरात करायची नाही, रस्त्यावरची गिऱ्हाइकं आत आणायची नाहीत, या अटींवर काही देशांत अशा संस्था खपवून घेतल्या जातात आणि जर्मनीसारख्या ठिकाणी त्यांना परवाना मिळतो.

त्यामुळे नवख्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कायद्याने दिलेली सूट गांजाला नसते. ती अमुक माणसाला, अमुक जागेत, अमुक मात्रेपुरती असते. तेच तीन ग्रॅम क्लबच्या खोलीत चालून जातात, दाराबाहेरच्या फुटपाथवर दंड लावतात आणि विमानतळावर अटक घडवतात. पुढची प्रत्येक पायरी याच हिशेबाने वाचावी.

पायरी १: तिकीट काढण्याआधी आपला कायदा

भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं, की १९८५ चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा आपला कायदा, भारताच्या सीमेवर थांबत नाही. या कायद्याच्या पहिल्याच कलमात २००१ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं आहे, की तो भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. भारतात नोंदणी झालेल्या जहाजांवरच्या आणि विमानांतल्या सगळ्यांनाही तो लागू आहे, मग ती जहाजं-विमानं जगात कुठेही असोत. भारताबाहेर घडलेल्या गुन्ह्याचा खटला इथे चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, म्हणून सुट्टीत एकदा जॉइंट (गांजा भरून वळलेली विडी) ओढणाऱ्यामागे यंत्रणा धावत सुटत नाही. पण ‘तिथे कायदेशीर होतं’ हे वाक्य आपल्याला इथे पूर्ण संरक्षण देत नाही, आणि निर्णय घेताना हे आधी माहीत असायला हवं. विशेषतः त्या क्षणांचे फोटो आणि व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकण्याची हौस असणाऱ्यांना.

या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. फुलोऱ्याशिवाय असलेली पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. चरस वेगळा मोजला जातो. ‘अल्प प्रमाण’ गांजासाठी १ किलोपर्यंत आणि चरसासाठी १०० ग्रॅमपर्यंत आहे. अल्प प्रमाण म्हणजे माफी, असं मात्र नाही. तेवढ्यासाठीही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसत्या सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दुसरा पासपोर्ट असलेल्यांनीही आपल्या देशाचा कायदा पाहावा. सिंगापूर आणि दक्षिण कोरिया आपल्या नागरिकांना परदेशात केलेल्या सेवनाबद्दलही शिक्षा करतात. सिंगापूर तर तिथल्या कायम रहिवाशांनाही.

पायरी २: त्या देशात तुम्ही सभासद होऊ शकता का?

बहुतेकांची निराशा याच पायरीवर होते, आणि ती घरी बसूनच झालेली बरी. क्लब कायदेशीर असणं वेगळं आणि पर्यटकाला तिथे प्रवेश असणं वेगळं.

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना घराबाहेर २५ ग्रॅम आणि घरी ५० ग्रॅमपर्यंत जवळ बाळगता येतं आणि तीन झाडं लावता येतात. १ जुलै २०२४ पासून लागवड-संघटनांना, म्हणजे तिथल्या क्लबांना, परवाने मिळू लागले. एका क्लबात जास्तीत जास्त ५०० सभासद असतात आणि सभासद होण्यासाठी जर्मनीत किमान सहा महिने वास्तव्य असावं लागतं. आठवडाभराच्या सहलीला गेलेल्यासाठी हे दार बंद आहे. शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यासाठी मात्र ते उघडू शकतं. त्यासाठी पत्त्याची अधिकृत नोंदणी, वय १८ पूर्ण, एका वेळी एकाच क्लबाचं सदस्यत्व आणि किमान तीन महिन्यांची बांधिलकी लागते. सभासदाला दिवसाला २५ ग्रॅम आणि महिन्याला ५० ग्रॅमपर्यंत मिळू शकतं. १८ ते २१ वयोगटाला महिन्याला ३० ग्रॅम, आणि तेही १० टक्क्यांपर्यंतच टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेलं. माल स्वतः जाऊन घ्यावा लागतो, टपालाने येत नाही. पाकिटासोबत वाण, वजन, टीएचसी आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) यांचं प्रमाण आणि काढणीची माहिती असते. क्लबच्या आवारात ओढता येत नाही, त्यामुळे सोफा, संगीत, गप्पा असं चित्र डोक्यात असेल तर ते जर्मनीतलं नव्हे. आपल्या वाट्यातलं मित्राला देणं गुन्हा आहे. पाहुणा म्हणून गेलेल्याला जर्मनीत २५ ग्रॅम बाळगण्याची मुभा दिसते, पण ते मिळवण्याचा वैध मार्ग त्याच्यापुरता नाही. या विसंगतीत पुष्कळ जण फसतात आणि स्टेशनबाहेरच्या विक्रेत्याकडे जातात.

माल्टाने डिसेंबर २०२१ मध्ये कायदा केला. ७ ग्रॅमपर्यंत जवळ बाळगणं आणि घरी चार झाडं लावणं चालतं, आणि ५०० सभासदांपर्यंतच्या ना-नफा संघटना आहेत. पण त्या तिथल्या रहिवाशांसाठी. सार्वजनिक ठिकाणी ओढलं तर २३५ युरो दंड. उरुग्वेने डिसेंबर २०१३ मध्ये सगळ्यांच्या आधी पाऊल टाकलं: घरची सहा झाडं, किंवा १५ ते ४५ सभासदांचा क्लब, किंवा औषधाच्या दुकानातून खरेदी. तिन्ही वाटा फक्त नागरिकांना आणि कायम रहिवाशांना खुल्या आहेत, आणि तिघांपैकी एकच निवडावी लागते.

नेदरलँड्समध्ये क्लब नाहीत, कॉफीशॉप, म्हणजे गांजा विकणारी दुकानं, आहेत, आणि ती सभासदत्वाशिवाय चालतात. १८ वर्षांवरच्याला ५ ग्रॅमपर्यंत विकत घेता येतं. २०१२ मध्ये दक्षिणेकडच्या प्रांतांत कॉफीशॉपना फक्त रहिवाशांचे बंदिस्त क्लब बनवण्याचा प्रयोग झाला, पण त्याच वर्षी तो गुंडाळावा लागला. तरी मास्ट्रिख्टसारखी सीमेवरची काही शहरं अजूनही फक्त देशातल्या रहिवाशांनाच आत घेतात. ॲमस्टरडॅममध्ये पर्यटकांना प्रवेश आहे, पण रेड लाइट भागातल्या रस्त्यांवर ओढायला मे २०२३ पासून बंदी आहे आणि दंड १०० युरो. कॉफीशॉपमध्ये तंबाखूही २००८ पासून बंद आहे.

थायलंडचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. जून २०२२ मध्ये तिथे गांजा अमली पदार्थांच्या यादीतून निघाला, गल्लोगल्ली दुकानं उघडली, आणि जून २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद झाली. वर्षभरापूर्वी जाऊन आलेल्या मित्राची माहिती म्हणूनच अपुरी असते. निघण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचा सध्याचा नियम वाचावा.

अमेरिकेबद्दल इतकंच, पण नीट ऐका. काही राज्यांत परवानगी असली तरी संघराज्याच्या कायद्यात गांजा बेकायदाच आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, विमानतळावरचा प्रवेश हे सगळं संघराज्याच्या हातात आहे. नागरिक नसलेल्या माणसाने अधिकाऱ्यासमोर सेवनाची कबुली दिली तर गुन्हा सिद्ध न होताही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. विद्यार्थी आणि नोकरदार व्हिसावर असलेल्यांनी तिथे या वाटेला जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

पायरी ३: स्पेन, आणि तिथली करडी जागा

पर्यटक ज्या क्लबांबद्दल विचारतात ते बहुतेक स्पेनमधले असतात, त्यातही बार्सिलोनातले. म्हणून इथे जरा थांबू.

स्पेनमध्ये खासगी जागेत स्वतः सेवन करणं गुन्हा नाही. विक्री आणि तस्करी गुन्हा आहे. गांजासाठी दंडसंहितेच्या ३६८ व्या कलमाखाली एक ते तीन वर्षं कैद होऊ शकते. न्यायालयांनी या दोहोंच्या मधली एक जागा मान्य केली. ओळखीच्या, आधीपासून सेवन करणाऱ्या मोजक्या लोकांनी बंद जागेत, थोड्या प्रमाणात, एकत्र सेवन केलं तर ती तस्करी नव्हे. संघटना स्थापन करण्याचा घटनादत्त हक्क आणि हा न्यायालयीन विचार, या दोन काठ्यांवर क्लबांची झोपडी उभी आहे. बार्सिलोनात १९९१ मध्ये स्थापन झालेल्या आर्सेक या संघटनेने सामूहिक लागवड करून पाहिली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती हरली. तरी वाट रुळली.

पुढे प्रांतांनी क्लबांसाठी कायदे करून पाहिले. नवार्राचा कायदा घटनात्मक न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केला, कातालोनियाचा २०१८ मध्ये. त्याआधी सप्टेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की नवे सभासद घेत राहणारी, कायमस्वरूपी, संघटित लागवड आणि वाटप करणारी संस्था ‘मित्रांचं एकत्र सेवन’ या सवलतीत बसत नाही. म्हणजे आज शहरात क्लब उघडे दिसतात, पण त्यांना खास कायद्याचं छत्र नाही. पोलीस आणि महापालिका वेळोवेळी क्लब बंद करतात. त्याचा मुख्य भार चालकांवर येतो. छापा पडला तर सभासदाची ओळख नोंदवली जाऊ शकते आणि जवळचा माल जप्त होऊ शकतो.

हे सगळं समजूनही जायचं असेल, तर सदस्यत्वाची रीत अशी असते.

आधी सध्याच्या सभासदाची शिफारस लागते. नीट चालणारा क्लब ओळखीशिवाय कुणाला घेत नाही, कारण न्यायालयात त्याचा बचाव ‘आम्ही बंद मंडळ आहोत’ एवढाच असतो. रांब्लासारख्या गर्दीच्या रस्त्यावर ‘क्लब, कॉफीशॉप’ असं पुटपुटत मागे लागणारे दलाल इथेच ओळखू येतात. जो क्लब असे दलाल ठेवतो तो स्वतःच्याच बचावाला सुरुंग लावतो, म्हणजे छापा पडण्याची शक्यता तिथे जास्त. शिवाय हे दलाल अनेकदा फसवतात: पैसे घेऊन पसार होतात, आडगल्लीत नेतात किंवा भलताच माल हातात देतात. इंटरनेटवर आगाऊ पैसे घेऊन ‘निमंत्रण’ विकणाऱ्यांनाही पैसे देऊ नयेत. सदस्यत्वाची वर्गणी क्लबच्या दालनात, अर्जावर सही केल्यावर, पावती घेऊन द्यायची असते.

मग वेळ ठरवून जायचं. मूळ पासपोर्ट लागतो. मोबाइलमधला फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही. कायद्याने प्रौढ वय १८, पण कित्येक क्लब २१ च्या आतल्यांना घेत नाहीत. बरेच क्लब स्थानिक पत्ता मागतात, काही तर रहिवाशांनाच घेतात. ‘मित्राचा पत्ता टाक’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. तुम्ही सही करता तो कागद म्हणजे तुमचं निवेदन असतं.

त्याच कागदांत आणखी दोन गोष्टी असतात. एक, मी आधीपासून सेवन करतो, असं जाहीर करणं. दुसरी, महिन्याला मला किती लागेल याचा अंदाज. क्लबने किती लागवड करायची हे कागदोपत्री त्या बेरजेवर ठरतं. हे नुसते सोपस्कार नव्हेत, क्लबचा सगळा कायदेशीर पाया आहेत. त्यामुळे ज्याने आयुष्यात कधीच घेतलेलं नाही, त्याच्यासाठी क्लब ही सुरुवात करण्याची जागा नाही. खोटं लिहून आत जाण्यापेक्षा न जाणं चांगलं. अंदाज लिहिताना आकडा फुगवू नये. दोन-तीन ग्रॅम पुरणार असतील तर तेवढंच लिहावं.

वार्षिक वर्गणी साधारणपणे २० ते ५० युरो असते. काही क्लब वर्गणी भरल्यावर लगेच माल देत नाहीत, काही दिवस थांबवतात. हे चांगल्या क्लबचं लक्षण आहे. चार दिवसांच्या मुक्कामासाठी वर्गणी भरणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावं, कारण वर्गणी परत मिळत नाही.

सही करण्याआधी तीन गोष्टी मागून बघा. संस्थेचा कर-क्रमांक: स्पेनमध्ये संघटनांचा क्रमांक ‘जी’ या अक्षराने सुरू होतो. ‘बी’ने सुरू होत असेल तर ती मर्यादित कंपनी आहे, सभासदांची संघटना नव्हे. दुसरी, संघटना-नोंदणीचा क्रमांक. तिसरी, संस्थेची घटना, म्हणजे नियमावली. या गोष्टी दाखवायला टाळाटाळ झाली तर परत फिरावं. पासपोर्टची प्रत ते का ठेवतात आणि किती काळ, हेही विचारावं. युरोपीय विदा-संरक्षण नियमांखाली हे विचारण्याचा आणि सदस्यत्व सोडताना माहिती पुसायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पायरी ४: आत गेल्यावर

दारात घंटी, मग दुसरं दार, मग स्वागताचं टेबल. कार्ड दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आत बसायची जागा, आणि एका बाजूला वाटपाची खिडकी. तिथे भाषा जपून वापरली जाते. सभासद ‘विकत’ घेत नाही, आपल्या वाट्याचा खर्च देतो. रोख रक्कम जवळ ठेवावी. काही ठिकाणी सभासद-कार्डावर पैसे भरून घेतात. वजन तुमच्यासमोर, दशांश दाखवणाऱ्या काट्यावर होतं. काट्यावर रिकाम्या डबीचा आकडा शून्य केलाय ना, हे बघण्यात गैर काही नाही.

फोन खिशात राहू द्या. फोटो आणि व्हिडिओ जवळजवळ सगळीकडे बंद असतात, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाची ओळख जपायची असते. आपल्या वाट्यातलं सोबतच्या बिगर-सभासदाला देऊ नये, बाहेर नेऊन तर नाहीच. त्याला पैसे घेऊन दिलंत तर तुम्ही विक्रेता ठरता. दाराबाहेर घोळका करून उभं राहू नये. शेजाऱ्यांची तक्रार हे क्लब बंद पडण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

निवड करताना नवख्याने फुलोऱ्यापुरतंच राहावं. फुलोऱ्यात टीएचसीचं प्रमाण आजकाल सहसा १५ ते २५ टक्के असतं. चरस त्याहून कडक. मेणासारखे किंवा मधासारखे दिसणारे अर्क ६० ते ९० टक्क्यांपर्यंत जातात आणि त्यांचा एक झुरकाही नवख्याला झोपवू शकतो. खिडकीवरच्या माणसाला ‘मला सवय नाही, सगळ्यात सौम्य काय आहे?’ असं सरळ विचारावं. टीएचसी कमी आणि सीबीडी जास्त असलेला वाण असेल तर तो घ्यावा. पहिल्या वेळी एक ग्रॅम पुष्कळ झाला. उरलेलं सोबत नेण्याचा प्रश्न पुढे आहेच.

पायरी ५: मात्रा

हिशेब सोपा आहे. २० टक्क्यांच्या ०.१ ग्रॅम फुलोऱ्यात सुमारे २० मिलिग्रॅम टीएचसी असतं. जळताना आणि धुरात बरंच वाया जातं, तरी उरतं ते नवख्याला भरपूर असतं. नेहमीच्या जॉइंटमध्ये ०.३ ते ०.५ ग्रॅम भरतात. म्हणजे अख्खा जॉइंट एकट्या नवख्यासाठी नाही. एक झुरका घ्यायचा, छातीत दाबून धरायचा नाही, आणि १५ मिनिटं थांबायचं. धुराचा परिणाम काही मिनिटांत सुरू होतो, अर्ध्या तासात शिगेला पोहोचतो आणि दोन-तीन तास राहतो. पंधरा मिनिटांनी काहीच वाटलं नाही तर दुसरा झुरका. धूर दाबून धरल्याने नशा वाढत नाही, खोकला आणि चक्कर वाढते.

युरोपात जॉइंटमध्ये तंबाखू मिसळण्याची सवय सार्वत्रिक आहे. सिगारेट न ओढणाऱ्याला गरगरतं आणि मळमळतं ते पुष्कळदा निकोटिनने, आणि तो दोष गांजाला देतो. वळण्याआधीच ‘तंबाखू नको’ सांगा. वेपोरायझर मिळत असेल तर तो १७० ते २०० अंश सेल्सिअसवर लावावा. फूल जळत नाही, धूर होत नाही.

खाण्याचे पदार्थ हा सगळ्यात फसवा प्रकार. पोटातून गेलेलं टीएचसी यकृतात जास्त तीव्र रूप घेतं. परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास, कधी त्याहूनही जास्त टिकतो. बिस्किट खाल्लं, तासाभरात काही झालं नाही, म्हणून दुसरं खाल्लं, आणि मग दोन्ही एकदम चढली: इस्पितळाच्या तातडीच्या उपचार विभागात पोहोचणाऱ्या पर्यटकांची ही नेहमीची कहाणी. सुरुवात २.५ मिलिग्रॅमपासून, फार तर ५. त्या दिवशी पुन्हा नाही. क्लबातल्या घरगुती केकवर मिलिग्रॅमचा आकडा लिहिलेला नसेल तर तो खाऊ नये.

दारूबरोबर नको. दारू आधी घेतली असेल तर रक्तात टीएचसी जास्त चढतं आणि उलट्या-चक्कर यांची शक्यता वाढते. उपाशीपोटी आणि उन्हात फिरून आल्या आल्याही नको. हृदयविकार असलेल्यांनी, गर्भवतींनी, आणि ज्यांना किंवा ज्यांच्या जवळच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम मानसिक आजार आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, हे तरुणांनी मनावर घ्यावं. नियमित औषधं चालू असतील, विशेषतः रक्त पातळ करणारी किंवा झोपेची, तर आधी डॉक्टरशी बोलावं.

जास्त झालं तर काय होतं? रक्तदाब उतरतो, तोंड पांढरं पडतं, घाम सुटतो, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. छाती धडधडते आणि आता आपण मरणार, अशी खात्री वाटू लागते. अशा वेळी माणसाला जमिनीवर बसवा किंवा पाय वर करून झोपवा, घोट-घोट पाणी आणि काहीतरी गोड द्या, आवाज आणि उजेड कमी करा, आणि ‘हे उतरणार आहे, मी इथेच आहे’ हे शांतपणे सांगत राहा. एकट्याला बाथरूममध्ये जाऊ देऊ नका. डोकं आपटण्याचे अपघात तिथेच होतात. कॉफीने किंवा गार आंघोळीने नशा उतरत नाही. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. छातीत दुखणं, झटके, जाग न येणं, न थांबणाऱ्या उलट्या, यांपैकी काहीही दिसलं तर युरोपात कुठेही ११२ वर फोन करा आणि काय, किती, कधी घेतलं ते खरं सांगा. इलाज त्या माहितीवर ठरतो.

पायरी ६: दाराबाहेर

स्पेनमधली सगळ्यात महागडी पायरी ही आहे. २०१५ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी अमली पदार्थ जवळ बाळगणं किंवा सेवन करणं हा गंभीर नियमभंग आहे, आणि दंड ६०१ युरोपासून ३०,००० युरोपर्यंत. पहिल्या खेपेला साधारणपणे खालचाच आकडा लागतो, पण ६०१ हेही आपल्यासाठी मोठी रक्कम आहे. मात्रा अर्धा ग्रॅम असली तरी दंड तोच. ‘१०० ग्रॅमपर्यंत चालतं’ असं ऐकायला मिळतं. तो आकडा गुन्हेगारी खटल्यात, हे विक्रीसाठी होतं की स्वतःसाठी, हे ठरवताना वापरला जातो. रस्त्यावरच्या दंडाशी त्याचा संबंध नाही. क्लबचं कार्ड दाखवूनही दंड टळत नाही.

म्हणून घेतलं तेवढं आतच संपवावं, उरेल ते तिथेच सोडून यावं. पोलिसाने अडवलंच तर वाद घालू नये, पैसे पुढे करू नयेत, पासपोर्ट दाखवावा आणि दिलेला कागद जपून ठेवावा. १५ दिवसांत भरल्यास दंड निम्मा होतो, पण मग हरकत घेण्याचा मार्ग बंद होतो.

हॉटेलची खोली खासगी वाटते, पण धूम्रपानबंदीचा दंड हॉटेल वेगळा लावतं. भाड्याच्या घरात करारात काय लिहिलंय ते बघावं.

गाडी चालवणं पूर्ण वर्ज्य, आणि त्यात भाड्याची ई-स्कूटरही आली. स्पेनमध्ये लाळेच्या चाचणीत अंश सापडला तरी १,००० युरो दंड, नशा असो वा नसो. काल संध्याकाळी ओढलेलं आज सकाळी सापडू शकतं. जर्मनीत ऑगस्ट २०२४ पासून मर्यादा रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमागे ३.५ नॅनोग्रॅम आहे, ओलांडल्यास ५०० युरो आणि महिनाभर वाहनबंदी. २१ च्या आतल्यांना आणि नव्या चालकांना तेवढीही सूट नाही.

पायरी ७: परतताना

काहीही सोबत आणायचं नाही. बिया नाहीत, गांजाच्या चघळायच्या गोळ्या (गमी) नाहीत, वेपची काडतुसं नाहीत, तिथल्या दुकानात उघड मिळणारं सीबीडीचं फूलही नाही. ते दिसायला आणि वासाला गांजाच असतं. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्यांकडे हायड्रोपोनिक (मातीविना पाण्यावर वाढवलेला) गांजा सापडल्याच्या बातम्या वारंवार येतात. तपासणी करणाऱ्यांना वास, पाकिटं, लपवण्याच्या जागा, सगळं पाठ असतं. फूल बारीक करायच्या ग्राइंडरच्या दातांत भुकटी अडकते, म्हणून ग्राइंडर तिथेच टाकावा. निघण्याच्या आदल्या दिवशी जॅकेटचे खिसे, कॅमेऱ्याची पिशवी, सिगारेटचं पाकीट उलटं करून झाडावं. कुणाची ‘छोटीशी भेट’ पोहोचवायची जबाबदारी घेऊ नये.

विमान दुबई, दोहा किंवा सिंगापूरला थांबणार असेल तर त्या काही तासांसाठी तिथला कायदा तुमच्यावर लागू असतो, आणि तो युरोपच्या तुलनेत फार कडक आहे.

नोकरीत लघवीची चाचणी होत असेल, मर्चंट नेव्ही आणि विमान वाहतुकीत ती होतेच, तर सुट्टीचे दिवस मोजून उपयोग नाही. एकदाच घेतलं तर तीनेक दिवस, नियमित घेणाऱ्याच्या शरीरात महिनाभरही अंश राहू शकतात. चरबीच्या पेशींत साठलेलं टीएचसी हळूहळू सुटतं, आणि भरपूर पाणी पिऊन किंवा बाजारातली ‘डिटॉक्स’ पेयं घेऊन ते विश्वासार्हपणे बाहेर काढता येत नाही. जहाजावर चढण्याआधी चाचणीत सापडलेल्याला ‘बार्सिलोनात परवानगी होती’ असं सांगून कंपनी ठेवून घेत नाही. ज्यांचं करिअर अशा चाचणीवर अवलंबून आहे, त्यांनी क्लबचा अर्ज भरूच नये.